ताईचा पीसी सुरू होत नाही: बूट ड्राइव्ह, नवी विंडोज आणि परवाना यांच्या नोंदी

ज्यांना हेच काम करायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी ठेवते आहे. आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

मशीन असं: असेंबल्ड डेस्कटॉप, नवव्या पिढीचा इंटेल आय५, ८ जीबी रॅम, २४० जीबीची साटा एसएसडी, १ टीबीची जुनी हार्ड डिस्क, विंडोज १० प्रो. हार्ड डिस्क ताईच्या आधीच्या पीसीतून काढून यात लावलेली. एसएसडीवर सी ड्राइव्ह, हार्ड डिस्कवर फोटो आणि कागदपत्रांचे स्कॅन. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे कधीतरी ११ टाकायची होतीच.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

ताईचा सकाळी फोन. "अगं, परत काळा स्क्रीन आलाय. चार वेळा बंद-चालू केला तेव्हा कुठे लागला." स्क्रीनवर एकच ओळ: रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जच्या पानांवर, गेले तर तारीख २०१९ ची. म्हणजे मदरबोर्डवरचा सेल संपलेला. मला वाटलं, सापडलं कारण. सीआर२०३२ चा नवा सेल बसवला, तारीख-वेळ लावली, सेव्ह केलं. त्यानंतर पीसी बूटच होईना. आधी चारातून एकदा तरी होत होता, आता दहातून एकदाही नाही.

चूक माझी. सेल काढल्यावर बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज मूळ पदावर गेल्या, आणि आधी काय होतं ते मी कुठेच टिपून ठेवलं नव्हतं. दीड तास साटा केबल बदल, पोर्ट बदल, रॅम काढून घाल, असं चाललं होतं. शेवटी बूटच्या पानावर सीएसएम, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने बूट करू देणारी सोय, बंद दिसलं. या बोर्डावर ते मुळात बंदच असतं, कुणीतरी चालू केलेलं असणार. चालू केलं आणि विंडोज उघडली.

यातून एक गोष्ट कळली, ती पुढे फार उपयोगी पडली. सीएसएम चालू असल्याशिवाय बूट होत नाही, म्हणजे ही विंडोज जुन्या पद्धतीने, एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी रीत) डिस्कवर टाकलेली आहे. यूईएफआय, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीने टाकलेली विंडोज सीएसएम बंद असतानाही सुरू झाली असती. शिवाय विंडोज ११ ला यूईएफआय लागतं, त्यामुळे हे कधीतरी बदलावं लागणारच होतं.

सेल काढायच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नाही म्हणून अर्धा दिवस गेला.

रात्री ताईचा मेसेज: परत काळा स्क्रीन. म्हणजे सेल हे कारण नव्हतंच.

९ नोव्हेंबर, रविवार

आज आधी डिस्कची तब्येत बघितली. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी निळी, ठीक. हार्ड डिस्क पिवळी. सी५ या ओळीत, म्हणजे वाचता न आलेल्या आणि निकाल लागायच्या सेक्टरांच्या आकड्यात, ३८ दिसलं. मी वहीत ३८ लिहिलं. नंतर लक्षात आलं, की हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे हेक्समध्ये (१६ च्या पटीत मोजायच्या पद्धतीत) दाखवतं. हेक्समधले ३८ म्हणजे आपले ५६. फंक्शन मेनूत दशमान पद्धत निवडता येते, ती आधी निवडा. सी७ ची ओळ, जी केबल खराब असली की वाढते, ती शून्यावर होती. म्हणजे काल केबली बदलण्यात घालवलेला वेळ वायाच गेला होता.

डिस्क जाते आहे, हे नक्की झालं. मग असा हिशेब केला: विंडोज एसएसडीवर आहे, हार्ड डिस्कवर नुसता डेटा आहे, हार्ड डिस्क काढली की पीसी व्यवस्थित बूट होईल, आणि डिस्क बाहेर काढून सावकाश डेटा वाचवता येईल. हार्ड डिस्कची केबल काढली, चालू केला, आणि तीच ओळ: रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. केबल परत लावली, तिसऱ्या खेपेला विंडोज उघडली.

डिस्क मॅनेजमेंट उघडून नीट वाचल्यावर उलगडा झाला. एसएसडीवरच्या सी ड्राइव्हखाली कंसात लिहिलं होतं बूट, पेज फाइल, क्रॅश डम्प. हार्ड डिस्कच्या सुरुवातीला ५०० एमबीचं एक छोटं पार्टिशन, नाव सिस्टिम रिझर्व्ड, आणि त्याखाली सिस्टिम, ॲक्टिव्ह (जिथून बूट सुरू करायचं अशी खूण).

इथे मायक्रोसॉफ्टची नावं उलटी आहेत आणि ती माहीत नसली की हमखास फसायला होतं. ज्या पार्टिशनवर विंडोजचं फोल्डर असतं त्याला ते बूट म्हणतात. ज्यावरून संगणक खरोखर सुरू होतो, जिथे बूटमॅनेजर असतो, त्याला सिस्टिम म्हणतात. ताईचा पीसी सुरू होत होता तो मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कवरून, आणि तिथून बूटमॅनेजर त्याला एसएसडीवरच्या विंडोजकडे पाठवत होता. हार्ड डिस्क ज्या दिवशी वेळेवर जागी व्हायची नाही त्या दिवशी काळा स्क्रीन.

हे का होतं तेही सांगते. एसएसडी लावून विंडोज टाकताना हार्ड डिस्क जोडलेली असली, आणि तिच्यावर आधीपासून ॲक्टिव्ह पार्टिशन असलं, की सेटअप बूटच्या फाइल्स त्यातच टाकतो. काही विचारत नाही, काही सांगतही नाही. म्हणून विंडोज टाकताना जिच्यावर टाकायची ती एकच डिस्क जोडलेली ठेवा. बाकीच्यांच्या केबली हाताने काढा. बायोसमधून बंद करण्यावर भरवसा ठेवू नका.

९ नोव्हेंबर, रात्र, आणि १० तारखेची पहाट

दुरुस्ती नंतर, डेटा आधी. ताईला पीसी वापरायचा नाही म्हणून सांगितलं. वाचता न येणाऱ्या जागेवर डिस्कचं हेड पुन्हा पुन्हा धडपडतं, आणि तेवढ्यात उरलेलीही जाऊ शकते.

लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून डीडीरेस्क्यू वापरलं. २ टीबीची नवी बाहेरची डिस्क घेतली आणि तिच्यावर अख्ख्या हार्ड डिस्कची एक इमेज फाइल, म्हणजे हुबेहूब नक्कल, करायची ठरवली. विंडोजमधून फोल्डर कॉपी करत बसायचं नाही. खराब जागा आली की कॉपी तिथेच अडकते. डीडीरेस्क्यू तो भाग सोडून पुढे जातं, चांगला भाग आधी उचलतं, आणि वाईटाकडे शेवटी परत येतं.

इथेही दोन चुका केल्या.

पहिली, हार्ड डिस्क यूएसबी ॲडॅप्टरने माझ्या लॅपटॉपला जोडली. खराब सेक्टर आला की ॲडॅप्टरच रीसेट व्हायचा आणि डिस्क यादीतून गायब. तीनदा असं झाल्यावर ती ताईच्या कॅबिनेटमध्ये परत साटा केबलवर लावली. एसएसडीची केबल काढून ठेवली, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जायची भीती नाही.

दुसरी, आज्ञेच्या शेवटी मॅपफाइलचं नाव द्यायला विसरले. मॅपफाइल म्हणजे कुठपर्यंत वाचलं आणि काय राहिलं त्याची नोंदवही. ती नसेल तर थांबवल्यावर पुन्हा पहिल्यापासून. चाळीस मिनिटं झाल्यावर ध्यानात आलं, थांबवलं, नव्याने सुरुवात केली. मरणाऱ्या डिस्कला चाळीस मिनिटं फुकट राबवलं याचंच जास्त वाईट वाटलं.

बरोबर आज्ञा अशी: डीडीरेस्क्यू, मग वजा एन, मग कुठून, मग कुठे, मग मॅपफाइल. आधी कुठून, मग कुठे, हा क्रम तीनदा वाचा. उलटा झाला तर उरलेलाही डेटा पुसला जाऊ शकतो. मी दोन्ही डिस्कांचे सिरियल नंबर कागदावर लिहून स्क्रीनवरच्या यादीशी ताडून पाहिले.

पहिली फेरी साडेसहा तास. मग वजा डी आणि वजा आर३ देऊन राहिलेल्या जागांवर तीन फेऱ्या, त्या सकाळपर्यंत चालल्या. शेवटी १८४ केबी वाचता आलं नाही. १ टीबीतले १८४ केबी म्हणजे नशीबच, पण ते कोणत्या फाइलींमध्ये आहेत हे अजून माहीत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ताईला आठवडाभर कामाला पीसी हवाच होता. म्हणून हार्ड डिस्क काढून ठेवून एसएसडीच एकटी बूट होईल असं करायचं ठरवलं, तात्पुरतं.

विंडोजच्या पेनड्राइव्हवरून रिपेअर, मग कमांड प्रॉम्प्ट. सगळीकडे सांगतात त्याप्रमाणे बूटरेक स्लॅश फिक्सएमबीआर, ते झालं. मग बूटरेक स्लॅश फिक्सबूट. उत्तर आलं: एलिमेंट नॉट फाउंड. तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देण्यात अर्थ नव्हता, कारण एसएसडीवर ॲक्टिव्ह पार्टिशनच नव्हतं. बूटचा भाग बसवायला जागाच नाही, तर तो सापडणार कुठून?

चालला तो मार्ग असा. डिस्कपार्ट उघडलं, एसएसडी निवडली, विंडोजचं पार्टिशन निवडलं, ॲक्टिव्ह ही आज्ञा दिली, बाहेर पडले. मग बीसीडीबूट सी:\विंडोज स्लॅश एस सी: स्लॅश एफ बायोस. रिपेअरमध्ये ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात हे मात्र लक्षात ठेवा. माझ्याकडे तिथे विंडोज डी वर दिसत होती. डिर डी: करून विंडोज आणि यूजर्स ही फोल्डरं डोळ्यांनी बघितली आणि वरच्या आज्ञेत दोन्हीकडे सी च्या जागी डी टाकलं.

रीस्टार्ट. हार्ड डिस्क टेबलावर, पीसी चालू. नंतर सहा वेळा बंद-चालू केला, सहाही वेळा सुरू झाला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजचा बेत सोपा होता. एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून विंडोजमध्येच आहे. ते डेटा न पुसता डिस्क जीपीटी, म्हणजे यूईएफआयला लागणाऱ्या नव्या रीतीची, करून देतं. मग बायोसमध्ये सीएसएम बंद, टीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) चालू, आणि आहे त्याच विंडोजवर ११ चढवायची. एमबीआरटूजीपीटी स्लॅश व्हॅलिडेट स्लॅश अलाउफुलओएस दिलं, तपासणी पास झाली. कालच्या दुरुस्तीमुळेच ती पास झाली, कारण सिस्टिम पार्टिशन त्याच डिस्कवर असावं लागतं.

पण बदल करण्याआधी परवाना बघून ठेवावा म्हणून एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय चालवलं. उघडलेल्या चौकटीत लिहिलं होतं: व्हॉल्यूम केएमएस क्लायंट चॅनल. खाली मुदतीची मिनिटं आणि कंसात दिवस. त्याखाली केएमएस मशीनचं नाव म्हणून एक पत्ता, जो आम्हा दोघींना अगदी अनोळखी.

केएमएस म्हणजे संस्थांसाठी असलेली पद्धत. कार्यालयातला एक सर्व्हर तिथल्या संगणकांना १८० दिवसांची मान्यता देतो, आणि संगणक मधूनमधून त्याच्याकडे जाऊन ती मुदत वाढवून घेत राहतात. घरातल्या पीसीवर हे असायचं काही कारण नाही. टास्क शेड्युलर उघडलं तर दर काही दिवसांनी एक प्रोग्रॅम चालवणारं काम लावलेलं. डिफेंडरच्या एक्सक्लूजनमध्ये तो प्रोग्रॅम असलेलं फोल्डर टाकलेलं, म्हणजे अँटिव्हायरसने तिकडे बघायचंच नाही. ज्याने पीसी जोडून दिला त्याने क्रॅक केलेली विंडोज टाकली होती.

ताई शेजारीच बसली होती. "पण मी विंडोजचे पैसे वेगळे दिले होते गं." तिने फाइल काढली. बिलावर शेवटच्या ओळीत "विंडोज भरून" एवढंच होतं. ना प्रॉडक्ट की (परवान्याचा क्रमांक), ना स्टिकर, ना खात्याचं नाव. तिला पाच वर्षं वाटत होतं की तिची विंडोज रीतसर आहे. मला यात सर्वांत जास्त राग आला तो पैशांचा नाही. तिने त्याच पीसीवरून बँकेचे व्यवहार केले, आणि त्या पीसीत अँटिव्हायरसचे डोळे बांधून ठेवलेला एक प्रोग्रॅम ॲडमिनच्या हक्काने चालत होता.

मदरबोर्डमध्येच की असू शकते, म्हणून तेही पाहिलं. ब्रँडेड मशीनमध्ये ती बायोसमध्ये भरलेली असते आणि विंडोज टाकताना आपोआप उचलली जाते. पॉवरशेलमधून सॉफ्टवेअर लायसेन्सिंग सर्व्हिसचं ओए३एक्स ओरिजिनल प्रॉडक्ट की विचारलं. उत्तरात रिकामी ओळ. असेंबल्ड बोर्डावर अपेक्षितच.

विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की पडली असेल, ती चालेल का, असं ताईने विचारलं. तो मार्ग मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बंद केला.

इथे बेत बदलला. एमबीआरटूजीपीटीचं काम राहिलं बाजूला. या विंडोजवर विश्वास ठेवून तिच्यावरच ११ चढवण्यात अर्थ नाही. एसएसडी पूर्ण पुसायची, ११ नव्याने टाकायची, रिटेल, म्हणजे सुटा विकत मिळणारा परवाना घ्यायचा. रिटेल का, तर ओईएम (नव्या पीसीबरोबर दिला जाणारा) परवाना पहिल्या मदरबोर्डशी कायमचा बांधला जातो, बोर्ड गेला की परवाना गेला. रिटेल परवाना पुढच्या पीसीवर नेता येतो. ताईच्या कामासाठी होम पुरेशी आहे, प्रोमधलं काहीच ती वापरत नाही.

लिनक्सचाही विचार केला होता. पण तिचं एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे तो विषय तिथेच सोडला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ताईच्या बँकेचे, ईमेलचे आणि बाकी सगळे पासवर्ड माझ्या लॅपटॉपवरून बदलले, तिच्या पीसीवरून नाही. दोन तास गेले. एसएसडीवरची तिची कागदपत्रं आणि ब्राउझरचे बुकमार्क बाहेरच्या डिस्कवर घेतले. प्रोग्रॅमच्या सेटअप फाइल्स मुद्दाम घेतल्या नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पेनड्राइव्ह बनवणं हाच अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम झाला. विंडोज ११ ची आयएसओ (सेटअपची एकत्र फाइल) उतरवून मी ती हाताने फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कॉपी करायला गेले. सोर्सेस फोल्डरातली इन्स्टॉल डॉट विम ४ जीबीपेक्षा मोठी, आणि फॅट३२ वर ४ जीबीची मर्यादा. कॉपी तिथे थांबली. एनटीएफएस केला तर या बोर्डाचं यूईएफआय पेनड्राइव्ह वाचेना. मग डीआयएसएमच्या स्प्लिट-इमेज आज्ञेने ती फाइल ३८०० एमबीच्या तुकड्यांत फोडली. सेटअप ते तुकडे आपोआप जोडून घेतो. ज्यांना इतकं करायचं नाही त्यांनी रूफस वापरावं, किंवा मीडिया क्रिएशन टूलने थेट पेनड्राइव्ह बनवावा. मी पुढच्या वेळी तेच करीन.

आता बूट मेनू. त्यात एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नुसतं नाव, एकदा नावाच्या आधी यूईएफआय. मी वरचा, म्हणजे नुसत्या नावाचा निवडला. सेटअप उघडला, पण जुन्या पद्धतीने, आणि थोड्याच वेळात म्हणाला, या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही. क्षणभर वाटलं प्रोसेसर बसत नाही. पण अधिकृत यादी आठव्या पिढीपासून आहे, हा नववीचा. बायोसमध्ये परत गेले आणि तीन गोष्टी केल्या: सीएसएम बंद, पीटीटी चालू, सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच बूट प्रोग्रॅम चालू देणारी सोय) चालू. पीटीटी म्हणजे प्रोसेसरच्या बाजूनेच मिळणारा टीपीएम २.०, वेगळी चिप विकत घ्यायची गरज नाही. कितीतरी बोर्डांवर ते मुळात बंद असतं आणि लोक नवा पीसी घ्यायला निघतात. सीएसएम बंद केल्यावर बूट मेनूत पेनड्राइव्ह एकदाच दिसू लागला, त्यामुळे चुकायची सोयच राहिली नाही.

डिस्क निवडायच्या पानावर शिफ्ट आणि एफ१० दाबून डिस्कपार्ट उघडलं. लिस्ट डिस्क. सेटअपचा पेनड्राइव्ह सोडला तर एकच ओळ: डिस्क ०, ऑनलाइन, २२३ जीबी, जीपीटीच्या रकान्यात तारा नाही. २४० जीबीची एसएसडी इथे २२३ दिसते, कारण विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. हार्ड डिस्क कपाटात होती, बाहेरची डिस्क दुसऱ्या खोलीत. तरीही क्लीन टाइप करून एंटर दाबायच्या आधी हात थांबलाच. ताई म्हणाली, "एकदा फोटोंची इमेज उघडते ना ते बघूया का?" बरोबर बोलली. लॅपटॉपवर इमेज जोडून पाच-सहा फोटो उघडून पाहिले, मगच क्लीन.

रिकाम्या जागेवर नेक्स्ट दाबलं. सेटअपने स्वतःच १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन, १६ एमबीचं राखीव, मोठं मुख्य आणि शेवटी रिकव्हरी असं केलं. या वेळी सगळं एकाच डिस्कवर.

पुढे इंटरनेटशिवाय सेटअप हलेना, आणि बोर्डावरच्या लॅनचा ड्रायव्हर त्याच्याकडे नाही. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, लगेच चाललं.

संध्याकाळी सात वाजता नवी विंडोज उघडली. परवान्याची की टाकली. घेतली नाही.

दोनदा, तीनदा, अक्षर न् अक्षर बघून टाकली. बी आणि ८ ची गल्लत होते म्हणून भिंगाखाली पाहिली. मग सिस्टिममध्ये आवृत्ती वाचली: विंडोज ११ प्रो. सेटअपने आवृत्ती विचारली तेव्हा आधी प्रो होती म्हणून मी सवयीने प्रो निवडली होती, आणि परवाना घेतलाय होमचा. होमवरून प्रोवर की टाकून जाता येतं. प्रोवरून होमवर येता येत नाही, पुन्हा नव्यानेच टाकावी लागते.

आज इथेच थांबते. नऊ तास झाले.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा क्लीन, पुन्हा नेक्स्ट, या वेळी होम. सगळी वाट माहीत असल्यामुळे पस्तीस मिनिटांत उघडली. की पहिल्या फटक्यात घेतली. एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय: रिटेल चॅनल. एसएलएमजीआर स्लॅश एक्सपीआर: कायमची मान्यता, तारीख नाही. ताईला ती चौकट दाखवली. तिने स्वतःच्या मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवला.

परवाना तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडला आहे हे सेटिंग्जच्या ॲक्टिव्हेशन पानावर नीट वाचून घेतलं. पुढे मदरबोर्ड बदलला तर हा परवाना याच खात्यावरून, तिथल्या ट्रबलशूटरमध्ये "नुकतंच हार्डवेअर बदललं" असं सांगून परत मिळवता येतो. नुसती एसएसडी बदलली तर बहुतेक वेळा इतकंही करावं लागत नाही, कारण ओळख मुख्यतः बोर्डावरून पटते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हे लिहिलंच पाहिजे. हार्ड डिस्कच्या इमेजवर काम करायला ताईच्याच पीसीवर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला. त्या पेनड्राइव्हला सिक्युअर बूट चालत नव्हतं, म्हणून बायोसमधून ते बंद केलं. काम झाल्यावर पेनड्राइव्ह काढला, पीसी चालू केला, आणि निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली.

आम्ही कधी एन्क्रिप्शन चालू केलंच नव्हतं. पण विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होममध्येसुद्धा. सिक्युअर बूट बदललं की टीपीएमला शंका येते आणि तो कुलूप उघडत नाही.

सिक्युअर बूट परत चालू केल्यावर विंडोज नेहमीसारखी उघडली. पण ती की ताईच्या खात्यात खरंच आहे का, हे तेवढ्यात मोबाइलवरून बघून घेतलं. होती. स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या आयडीशी जुळवून पाहिली, छापून फाइलमध्ये लावली. ज्या खात्याचा पासवर्ड कुणाला आठवत नाही अशा खात्याने विंडोज सुरू करून दिली, तर एक दिवस सगळा डेटा डिस्कवर असूनही हाती लागणार नाही. घरच्यांना विंडोज टाकून देणाऱ्या प्रत्येकाने हे तपासावं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

१८४ केबीचा हिशेब. डीडीरेस्क्यूला फिल-मोड आहे. मॅपफाइलमध्ये ज्या जागा वाईट म्हणून नोंदल्या आहेत, फक्त तिथे आपण दिलेला मजकूर भरता येतो. मी एक ओळखू येईल असा शब्द भरला, इमेज जोडली आणि सगळ्या फाइलींमध्ये ग्रेपने तो शब्द शोधला. तीन तास लागले.

तीन फाइली सापडल्या. दोन व्हिडिओ, त्यात मधेच क्षणभर चित्र फाटतं, बाकी चालतात. तिसरी, ताईच्या पदवीच्या गुणपत्रिकेचा स्कॅन, तो उघडलाच नाही. मूळ कागद तिच्याकडे आहे, तिने त्याच दुपारी पुन्हा स्कॅन केला. वाईट जागांतल्या काही कोणत्याच फाइलीत नव्हत्या, रिकाम्या जागेत होत्या.

हे न करता नुसती इमेज जपून ठेवली असती तर कोणत्या फाइली बिघडल्यात हे काही वर्षांनी, नेमकं गरजेच्या वेळी कळलं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेवटची तपासणी. बाहेरची डिस्क, पेनड्राइव्ह, सगळं काढलं. कॅबिनेटमध्ये फक्त एसएसडी. दहा वेळा पूर्ण बंद करून चालू केला. पूर्ण बंद म्हणजे शिफ्ट धरून शटडाउन, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे तो खरा बंद होतच नाही. दहाही वेळा सुरू झाला, लॉगिनपर्यंत सतरा-अठरा सेकंद.

कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला. त्यावर लिहिलं आहे: यूईएफआय, सीएसएम बंद, पीटीटी चालू, सिक्युअर बूट चालू, साटा एएचसीआय, विंडोज ११ होम, रिटेल, ताईच्या खात्याला जोडलेली, सेल बदलल्याची तारीख.

जुनी हार्ड डिस्क पुसलेली नाही. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून ताईच्या कपाटात ठेवली, वर पट्टी: "लावू नये. मार्च २०२६ पर्यंत पुसू नये."

गेलेला वेळ: माझे साधारण एकतीस तास, त्यातले दहा-अकरा निव्वळ चुकांचे. विकत घेतलेलं: एक सेल, एक २ टीबीची बाहेरची डिस्क, एक परवाना.